कामाठीपुरा ते काठमांडू : १९९६ च्या सुटकेनंतर काय घडले? (थ्रेड)

फेब्रुवारी १९९६. मुंबईच्या वेश्यावस्तीत अल्पवयीन मुलींना डांबून ठेवल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठी छापासत्रे केली. चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढण्यात आल्या. त्यांपैकी दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या.

बातमी येथे संपते. इतिहास मात्र येथे सुरू होतो, कारण दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहिला की या मुलींनी आता जायचे कोठे?

शासकीय सुधारगृहांत एवढ्या संख्येची सोय नव्हती. वैद्यकीय तपासण्या झाल्या, वयाची खातरजमा सुरू झाली, आणि सुटका झालेल्या मुली पुन्हा कुलपाआड राहिल्या. नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्यास नकार दिला. या नेपाळच्याच नागरिक आहेत याचा पुरावा काय, ही एक सबब. एचआयव्हीची भीती, ही दुसरी.

पुराव्याची मागणी क्रूरच म्हणावी लागेल. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या करारामुळे सीमा खुली होती; ती ओलांडायला पारपत्र लागत नसे. सिंधुपाल्चोक, नुवाकोट यांसारख्या डोंगराळ जिल्ह्यांतून किंवा काठमांडूच्या गालिचा कारखान्यांतून मुलींना नेणारा माणूस पुष्कळदा ओळखीचाच असे. तो नोकरीचे, लग्नाचे आमिष दाखवी. ज्या मुलीला कागदाविना सीमेपार नेले, तिच्याकडे परतताना कागद मागितला गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुलींचा व्यापार हे स्वतःच एक जाळे होते. गावातला दलाल, सीमेवरचा मध्यस्थ, रेल्वेचा प्रवास, मुंबईतली घरवाली असे त्याचे दुवे दोन देशांत पसरलेले होते. विरोधात उभ्या असलेल्या संस्था मात्र दीर्घकाळ आपापल्या गल्लीत काम करीत राहिल्या.

आणि संस्था होत्या. मुंबईत ‘प्रेरणा’ १९८६ पासून कामाठीपुऱ्यात होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी तिने रात्रीचे पाळणाघर चालवले, कारण त्या मुलांना धोका रात्रीच अधिक असे. काठमांडूत १९८७ मध्ये बालहक्कांसाठी ‘सिविन’ आणि स्त्रियांसाठी ‘एबीसी नेपाल’ स्थापन झाल्या होत्या. पंचायत राजवटीत स्वयंसेवी कामाला फार मोकळीक नव्हती. १९९० मध्ये बहुपक्षीय लोकशाही परतल्यावर संस्थांची संख्या वाढली. १९९३ मध्ये अनुराधा कोइराला यांनी ‘माइती नेपाल’ सुरू केली. नेपाळी भाषेत माइती म्हणजे माहेर. मराठी वाचकाला या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आशियात अन्यत्रही हालचाल चालू होती. १९९० मध्ये थायलंडमधील चियांग माई येथील बैठकीतून पर्यटनाच्या आडून होणाऱ्या बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध ‘एक्पॅट’ ही मोहीम जन्मली, आणि ऑगस्ट १९९६ मध्ये तिच्या पुढाकाराने स्टॉकहोमला पहिली जागतिक परिषद भरली. परंतु ठरावांची भाषा आणि सुधारगृहात अडकलेल्या मुलीचा प्रश्न यांत पुष्कळ अंतर होते. ते अंतर त्याच वर्षी काठमांडूतील संस्थांनी काही प्रमाणात कापले.

घडले ते असे. सरकार हलत नाही हे पाहून नेपाळमधील सात संस्था एकत्र आल्या. कोणत्याही एका संस्थेकडे एवढ्या मुलींसाठी निवारा, डॉक्टर, समुपदेशक आणि वकील नव्हते. त्यांनी जबाबदारी वाटून घेतली. जुलै १९९६ मध्ये सुमारे सव्वाशे मुली काठमांडूला परतल्या आणि या सात संस्थांच्या निवाऱ्यांत विभागल्या गेल्या. छाप्याला तेव्हा पाच महिने उलटले होते.

हे सहकार्य गोडीगुलाबीचे होते असे समजू नये. मुलींना गावी पोहोचवणे म्हणजे पुनर्वसन, की त्यांना स्वतःचा निर्णय घेऊ देणे म्हणजे पुनर्वसन? सीमेवर तरुण मुलींना अडवून चौकशी करणे हे संरक्षण, की त्यांच्या संचारस्वातंत्र्यावर घाला? या प्रश्नांवर संस्थांमध्ये खरे मतभेद होते आणि ते पुढेही मिटले नाहीत. तरीही १९९७ मध्ये ‘आत्विन’ ही स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या नेपाळी संस्थांची आघाडी उभी राहिली. मतभेद असूनही एका मंचावर बसण्याची गरज १९९६ च्या अनुभवाने पटवून दिली होती.

त्या आघाड्यांमध्ये एक मोठी उणीव होती. मुलींविषयी सर्वजण बोलत होते. मुली बोलत नव्हत्या. काठमांडूच्या वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख एड्सच्या संदर्भात होई. गावाने नाकारले, कुटुंबे संकोचली.

ही उणीव मुलींनीच भरून काढली. निवाऱ्यांत राहणाऱ्या काही जणींनी १९९६ मध्येच आपला गट बांधला : ‘शक्ती समूह’. मानवी व्यापारातून परतलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही नेपाळमधील पहिली संस्था. त्यांच्यापैकी चरीमाया तामाङ यांनी आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः फिर्याद दाखल केली. तसे करणाऱ्या त्या पहिल्याच. १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. दलालांच्या साखळीविरुद्ध सर्वांत परिणामकारक साक्ष कोणाची असते, हे या खटल्याने दाखवून दिले.

संस्थेची नोंदणी मात्र होईना. नोंदणीसाठी संस्थापकांची नागरिकत्वाची प्रमाणपत्रे हवी होती. नेपाळी कायद्यात नागरिकत्व वडिलांच्या किंवा पतीच्या नात्याने सिद्ध करावे लागे, आणि ज्यांना घरानेच दूर केले त्यांनी ते कोठून आणावे? १९९६ मध्ये मायदेशाचे दार अडवणारा तोच कागद येथेही आडवा आला. नोंदणी व्हायला २००० साल उजाडले.

मुंबईकडची बाजूही थांबली नव्हती. छाप्यात सापडलेल्या मुलींना कोठ्याच्याच हितसंबंधियांचे वकील सोडवून नेत, हा प्रकार ‘प्रेरणा’ने उच्च न्यायालयात नेला. ऑक्टोबर २००२ च्या निकालात न्यायालयाने अशा अल्पवयीन मुलींना काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके मानावे, आरोपी म्हणून वागवू नये, असे स्पष्ट केले.

त्याच वर्षी जानेवारीत काठमांडूला सार्क देशांनी मानवी व्यापाराविरुद्ध करार केला. त्याची व्याख्या केवळ वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापारापुरती होती. कारखाने, घरकाम यांसाठी विकली जाणारी मुले तिच्याबाहेर राहिली. ही त्रुटी स्वयंसेवी संस्थांनी वारंवार दाखवली. नेपाळने २००७ मध्ये नवा, अधिक व्यापक कायदा केला.

‘शक्ती समूहा’ला २०१३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर संस्थेचे निवारे, कायदेविषयक साहाय्य आणि गावोगावचे किशोरवयीन मुलींचे गट उभे राहिले होते. त्यांत सिंधुपाल्चोकही होता, जेथून तामाङ यांना सोळाव्या वर्षी नेण्यात आले होते.