दोन लिप्यांचं नाणं

आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, मराठ्यांच्या रुपयावर फारसी कशी काय?" मराठेशाहीतल्या अनेक टांकसाळींत मुघल बादशहाच्या नावाने रुपये पाडले जात, हे त्याने वाचलं होतं, पचलं नव्हतं. मी त्याला मॉस्कोची गोष्ट सांगितली.

१३८० मध्ये मॉस्कोचा राजा दिमित्री दोन्स्कोय याने कुलिकोवोच्या मैदानात तातार सरदार मामाईला हरवलं. १३८२ मध्ये 'सुवर्ण टोळी'चा खान तोख्तमिश याने मॉस्को जाळलं. खंडणी पुन्हा सुरू झाली. त्याच सुमारास मॉस्कोत चांदीची छोटी नाणी पडू लागली. त्यातल्या काहींच्या एका बाजूला दिमित्रीचं नाव रशियन लिपीत, तर दुसऱ्या बाजूला अरबी लिपीत सुलतान तोख्तमिश खानाचं. ही टोळी म्हणजे 'ओर्दा', तुर्कीत 'ओर्दू', म्हणजे छावणी. आपल्या उर्दूचं नाव त्याच शब्दातून आलं.

नाणं करण्याची रीत साधी होती. चांदीची तार ओढायची, तुकडे पाडायचे, ठोकून चपटे करायचे आणि दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारायचा. आकार माशाच्या खवल्यासारखा. ठसा मोठा आणि चांदी थोडी, म्हणून अर्धी अक्षरं बाहेरच राहत.

लोक नाण्यांच्या कडा कातरत, हिणकस नाणी खपवत. म्हणून १५३५ मध्ये बाल इव्हान चौथ्याची आई येलेना ग्लिंस्काया हिने नियम बांधला: सुमारे २०४ ग्रॅम चांदीतून ३०० नाणी, प्रत्येकी ०.६८ ग्रॅम. त्यावर भालाधारी घोडेस्वार होता. भाल्याला रशियनमध्ये 'कोप्यो' म्हणतात. 'कोपेक' हे नाव त्यावरूनच पडलं. शंभर कोपेकांचा रूबल होई, पण तो फक्त हिशेबात.

पुढे झार अलेक्सेईने युद्धखर्चासाठी तांब्याचे कोपेक चांदीच्या भावाने चालवले, कर मात्र चांदीतच घेतला. महागाई भडकली. १६६२ मध्ये मॉस्कोत लोक उठले, अनेकांचे जीव गेले. दुसऱ्या वर्षी तांब्याची नाणी मागे घ्यावी लागली. चांदीचे खवले पीटर द ग्रेटच्या काळात, १७१८ पर्यंत पडत राहिले.

खानांची सत्ता गेली, पण पैशाला रशियन माणूस आजही 'देन्गी' म्हणतो. हा शब्द तुर्की-तातार वळणाचा.

मी मुलाला एवढंच म्हणालो, "बाळा, बाजारात नाणं चालतं ते विश्वासावर. लोकांच्या ओळखीची लिपी त्यावर असली, तर राजाची मान खाली जात नाही. इतिहासात निर्भेळ काही शोधायला गेलास, तर हाती अर्धंच अक्षर येईल."