रस्टी वॉरनचा मोर्चा

साल १९६१. अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम शहरातला नाइट क्लब. दारातच सिगारेटचा धूर तुमच्या डोळ्यांत जातो. टेबलं इतकी खेटून मांडलीत की शेजारणीच्या खुर्चीला धक्का लागतोच. ती हसून सरकते. चाळिशी ओलांडलेली, केस स्प्रेनं घट्ट बसवलेले, पलीकडे नवरा. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून आली असणार. इथली गाणी रेडिओ लावत नाही.

पियानोवर चावट गाण्यांची गायिका रस्टी वॉरन. वय ३१, खरं नाव आयलीन गोल्डमन. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत रीतसर संगीत शिकलेली. ते कळतंच. चावट वाक्य संपतं तिथे बोटं नेमका सूर टाकतात, आणि हशा ओसरायच्या आत पुढचं कडवं सुरू. आवाज घोगरा, हसणं सातमजली. अंथरुणातली नवऱ्यांची फजिती ती अशी रंगवते की तुम्ही पुरुष असाल तर जरा खाली सरकून बसाल.

मग तिचं ‘नॉकर्स अप’ हे गाणं, म्हणजे ‘छाती वर’. बायकांनो उठा, खांदे मागे, छाती पुढे, टेबलांमधून चला! शेजारीण आधी मानेनंच नको म्हणते. नवऱ्याकडे बघते. मग पर्स त्याच्या मांडीवर टाकून उठतेच. फेरी मारून परत येते ती घामेजलेली, लालबुंद; तो बिचारा अजून पर्स धरून बसलाय.

याला स्त्रीमुक्ती म्हणावं का? घोषणा नाहीत, मागण्या नाहीत, विनोद सगळे छातीवरचे. जीभ जरा कचरते. पण गर्भनिरोधक गोळीला सरकारी मान्यता मिळून जेमतेम वर्ष झालंय. शरीरसुख आपल्यालाही हवं असतं, हे नवऱ्यादेखत, चारचौघांत, हसत कबूल करायची सोय या बायकांना दुसरीकडे कुठे होती? त्या रांगेत चालणाऱ्यांना ती सोय पुरेशी वाटली, एवढं मात्र तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.

‘नॉकर्स अप’ याच नावाची तिची रेकॉर्ड ज्युबिली कंपनीनं १९६० मध्ये काढली. ‘बिलबोर्ड’च्या यादीत ती तीन वर्षांहून अधिक काळ टिकली, तीही रेडिओच्या मदतीशिवाय. रस्टी २०२१ मध्ये, ९१ व्या वर्षी कॅलिफोर्नियात वारली. तिची रेकॉर्ड ऐकणार असाल तर कानात इअरफोन खुपसून ऐकू नका. मित्रमैत्रिणी जमवा, आणि मोठ्यानं लावा.