पिस्तूलधारी पाद्री

१९९८. आर्थिक अरिष्टाने दक्षिण कोरिया मेटाकुटीला आला होता, पण भाड्याने कॉमिक्स देणारी दुकानं चालू होती. त्याच वर्षी चित्रकार ह्युंग मिन-वू यांची ‘प्रीस्ट’ ही कॉमिक्स मालिका सुरू झाली.

नायक आयव्हन आयझॅक्स हा पाद्री. बेलियल या सैतानाला आत्मा विकून तो मरणातून परततो आणि तेमोझारेला या पतित देवदूताच्या मागे लागतो. सुरुवातीलाच धावत्या आगगाडीत प्रेतं उठून माणसांवर तुटून पडतात. चेहरे कुऱ्हाडीने तासल्यासारखे, पानभर काळी शाई. कोरियन चित्रकाराने अमेरिकेचा रानटी पश्चिम इतक्या बिनधास्तपणे रंगवावा, हे धाडसच! ‘ब्लड’ या संगणकीय खेळाचा प्रभाव त्यावर होताच.

सोळा खंडांनंतर कथा अर्धवट थांबली.

२०११मध्ये हॉलिवूडने पॉल बेटनीला घेऊन तिच्यावर चित्रपट काढला. त्यात देवदूतांऐवजी चक्क रक्तपिपासू व्हॅम्पायर घुसवले. नाव तेवढं राहिलं.