चाकांवरचे घर आणि कोकणचा किनारा

पुण्याच्या उत्तरेस, देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या टापूत, खेड तालुक्यात निघोजे नावाचे गाव आहे. जवळच चाकणचा भुईकोट किल्ला आहे. इ. स. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाचे प्रचंड सैन्य तेथे जवळजवळ दोन महिने अडवून धरले होते. त्या चाकणच्या माळावर आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना २००९ च्या मार्च महिन्यात येथे सुरू झाला. त्याच्या पत्त्यात निघोजे गावाचे नाव घातले जाते.

ही कंपनी आपल्याकडे लहान मोटारींसाठी ओळखली जाते. परंतु युरोप-अमेरिकेतील एका सबंध पिढीने तिला ओळखले ते निराळ्याच गाडीवरून. डब्यासारखी चौकोनी, आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि कपाट असलेली ती गाडी म्हणजे चालते घरच होते. संध्याकाळ होईल तेथे थांबावे, समुद्राकडे दार उघडावे, सकाळी पुढची वाट धरावी, अशा प्रवासाची हौस तिने जगाला लावली. निघोजे येथे ती गाडी कधी तयार झाली नाही. तथापि चाकांवरचे घर घेऊन समुद्रकाठाने जाण्याची हौस आता महाराष्ट्रातही रुजू लागली आहे. आणि निघोज्याहून सागरकिनारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. एवढे अंतर चाकाला तोडता येण्यास किती काळ लागला, आणि किनाऱ्याच्या लोकांना त्यासाठी काय सोसावे लागले, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

घर बरोबर घेऊन फिरणे मराठी मुलखाला नवे नव्हते. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून बायकामुलांसह हिंडत असत. त्यांचे घर तांड्याबरोबर चाले. आळंदी-देहूहून पंढरीस जाणाऱ्या दिंड्यांबरोबर शिधा, भांडी आणि राहुट्या असतात. पूर्वी त्या बैलगाडीतून जात, आता मालमोटारीतून जातात. इंग्रज अमदानीतील कलेक्टरही हिवाळ्यात फिरतीवर निघे, तेव्हा तंबू पुढे रवाना होत आणि साहेब पोहोचण्याच्या आत कचेरी व मुदपाकखाना उभा राही. मात्र हा सारा सरंजाम सपाटीचा होता. सह्याद्रीचा कडा आला की चाक थांबे.

नाणेघाटासारख्या प्राचीन वाटांनी सातवाहनांच्या काळापासून व्यापार चालत आला, तो बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता खुला झाला तो १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना. पुढील काही दशकांत फोंडा, कुंभार्ली, आंबोली आदी घाटांतून गाडीरस्ते झाले. घाटावरचा शेतकरी आपली गाडी घेऊन खाली उतरू लागला. पण तो उतरला बंदरापर्यंत. बंदरावर माल गलबतात चढे आणि गाडी माघारी फिरे. डोंगराकडून समुद्राकडे जाण्याची वाट झाली होती. समुद्राच्या काठाकाठाने जाण्याची वाट मात्र नव्हती.

याचे कारण कोकणच्या भूमीतच आहे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, आणि मिळताना त्यांच्या रुंद खाड्या होतात. उत्तरेकडून निघावे तर धरमतर, मग राजपुरी, मग सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, आणि त्याहीपुढे विजयदुर्गची. पैलतीरावरच्या घराचा धूर दिसतो, परंतु पाय कोरडे ठेवून तेथे जाऊ म्हणाल तर खाडीच्या मुखापासून तिच्या पोटापर्यंत वळसा घालावा लागतो. दाभोळहून समोरच्या धोपाव्यास जमिनीवरून जाणाऱ्याला चिपळूण गाठावे लागे. खाड्यांमधली जमीनही सपाट नाही. जांभ्याचे सडे, त्यांतून उतरणारे पऱ्हे आणि दर कोसाला एक चढण.

अशा मुलखात चालते घर म्हणजे गलबतच होय. त्यावर चूल असे, पाण्याची पिंपे असत, झोपावयास फळ्या असत. तांडेल आणि खलाशी महिनोन् महिने त्यावरच राहत. या घराला वाऱ्याचे आणि ऋतूचे बंधन होते. पावसाळा तोंडावर आला की गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारावी लागत, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण झाल्यावरच ती पुन्हा पाण्यात जात. वर्षातले हे तीन-चार महिने किनारा जगापासून जवळजवळ तुटलेला असे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर या किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही त्यांची बंदरे. मुंबईच्या गिरण्यांतून काम करणारा कोकणी माणूस शिमग्याला आणि मे महिन्यात याच बोटींनी घरी येई. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर उभी राही आणि उतारूंना पडावातून काठावर आणीत. डोक्यावर ट्रंक आणि कडेवर मूल घेऊन हेलकावणाऱ्या शिडीवरून पडावात उतरणे, ही कोकणच्या प्रवासाची नित्याची रीत होती. परकीय कंपन्यांच्या जोडीला स्वदेशी भांडवलावर आगबोटी काढण्याचाही यत्न झाला, आणि सामान्य माणसांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून तिचे भाग घेतले. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. संतांची नावे मिरविणाऱ्या तिच्या बोटींविषयी कोकणवासीयांना घरच्यासारखा जिव्हाळा वाटे.

त्यांपैकीच एक ‘रामदास’. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्येचा दिवस. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ही बोट रेवसकडे निघाली. अंतर थोडे, वाट रोजची, आणि सणासाठी घरी निघालेल्या माणसांची गर्दी. काश्याच्या खडकाजवळ पावसाळी लाटांनी ती एका कुशीवर कलंडली. भेदरलेले उतारू एका बाजूस धावले आणि काही क्षणांतच ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. मचव्यांतून निघालेल्या कोळ्यांनी मासळीची पर्वा न करता जितक्यांना पाण्यातून काढता आले तितक्यांना काढले. अलिबाग-पेणच्या कित्येक गावांतून त्या दिवसाची आठवण पिढ्यान् पिढ्या चालत आली. ज्या किनाऱ्याला काठाकाठाचा रस्ता नाही, त्याला घरी जाण्यासाठी किती मोल द्यावे लागते, हे त्या सकाळने दाखविले.

त्याच वर्षी, रामदास बुडण्यापूर्वी तीन महिने, २३ एप्रिल १९४७ रोजी, बेन पोन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने आपल्या टिपणवहीत एका गाडीची आकृती काढली. फोक्सवॅगनच्या लहान मोटारीच्या सांगाड्यावर एक मोठा डबा बसविलेला, चालक पुढे आणि यंत्र मागे, अशी ती होती. १९५० च्या मार्चमध्ये ती गाडी प्रत्यक्ष बाहेर पडली. पुढल्याच वर्षी वेस्टफालिया नावाच्या जर्मन कारखान्याने तिच्यात ठेवण्याजोगे लाकडी कपाट, बिछाना आणि शेगडी तयार केली. युद्धाने होरपळलेल्या, हॉटेलचे भाडे न परवडणाऱ्या कुटुंबांना समुद्रकाठी चार दिवस राहण्याची ती स्वस्त सोय होती. ब्राझीलसारख्या उष्ण देशात तर ही गाडी १९५७ पासून २०१३ अखेरपर्यंत तयार होत राहिली.

इकडे पुण्याजवळही अशाच एका डब्याच्या गाडीने घर केले. १९५८ साली जर्मन सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि पुढे तिचा कारखाना आकुर्डीस आला. १९६९ मध्ये तिने ‘मॅटॅडोर’ नावाची गाडी काढली. पिंपरी-चिंचवडच्या कामगारापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्वांनी तिला आपलेसे केले. मागे सतरंज्या, स्टोव्ह, तांदळाची पिशवी आणि पाण्याची कळशी टाकून एकत्र कुटुंबे कुलदैवताला व गणपतीपुळ्याला निघू लागली. आत बिछाना-कपाटाची जडणघडण नव्हती एवढेच. एरवी महाराष्ट्राचे पहिले चाकांवरचे घर हेच म्हणावे लागेल. आज आपल्या देशात कॅरव्हान म्हणून ज्या गाड्या सजविल्या जातात, त्यांपैकी पुष्कळ याच कंपनीच्या पुढच्या ‘ट्रॅव्हलर’ गाडीवर बांधलेल्या असतात.

परंतु गाडी झाली म्हणजे वाट झाली असे नव्हे. स्वातंत्र्यानंतर मुंबई-गोवा रस्ता हळूहळू महामार्ग झाला; १९४८ साली सुरू झालेल्या एस. टी.ने गावोगाव गाड्या नेल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आगबोटी मात्र बंद पडल्या. महामार्ग आणि रेल्वे या दोन्ही वाटा खाड्यांचे रुंद मुख टाळून आतल्या बाजूने जातात. अगदी समुद्रालगतचा रस्ता व्हावा ही कल्पना नेटाने पुढे आणली ती सावित्रीकाठच्या आंबेत गावच्या बॅरिस्टर अंतुले यांनी. १९८० ते १९८२ या काळात ते मुख्यमंत्री होते. रायगडातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंतचा हा सागरी मार्ग तुकड्यातुकड्यांनी झाला. मोठ्या खाड्यांवरचे पूल मात्र मागेच राहिले. त्यांतील कित्येकांची कामे २०२० नंतर हाती घेण्यात आली.

मधल्या काळात खाडी ओलांडण्याची सोय केली ती फेरीबोटींनी. दाभोळ-धोपावे येथे २००३ पासून मोटारी बोटीवर चढून पलीकडे जाऊ लागल्या, आणि पुढे बाणकोट, जयगड व दिघीच्या खाड्यांतही तशा बोटी आल्या. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह उतारू नेणारी बोट सुरू झाली. ज्या धक्क्याच्या नावाशी रामदासची आठवण जडली आहे, त्याच नावाच्या धक्क्यावरून आता चाकांवरचे घरही समुद्रावर तरंगत पलीकडे जाऊ शकते.

पुलांची कथाही सर्वस्वी सुखाची नाही. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. काळोखात चालकांना पूल नाही हे कळले नाही, दोन एस. टी. गाड्या आणि एक मोटार नदीत गेली, आणि चाळीसच्या आसपास माणसे दगावली. दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभी नवा पूल उभा राहिला. रामदास आणि सावित्री यांत जवळजवळ सत्तर वर्षांचे अंतर आहे; वाहन बदलले, परंतु पावसाळ्यातील कोकणच्या पाण्याचा स्वभाव बदललेला नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्यांना रात्री थांबण्यास जागा, पाणी, वीज आणि मैला टाकण्याची योग्य व्यवस्था असावी, हा त्यामागील हेतू. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. ही गाडी थंड देशात जन्मली. कोकणात एप्रिलच्या दुपारी पत्र्याचा डबा तापतो. दमट हवेमुळे रात्रीही अंग सुकत नाही, आणि खारा वारा लोखंड खातो. कोकणच्या माणसाने आपले घर जांभ्याच्या जाड भिंतींचे, उतरत्या कौलांचे, पुढे ओटी आणि भोवती माडांची सावली ठेवून बांधले, ते या हवेला ओळखूनच. चाकांवरच्या घराला यांतले काहीच बरोबर आणता येत नाही. सावली, वारा आणि गोडे पाणी त्याला गावाकडूनच घ्यावे लागते. वैशाखात कित्येक वाड्यांतून बायकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. तेथे टाकी भरून घेणाऱ्याने, आणि पुळणीवर घाण पाणी सोडून देणाऱ्याने, आपण कोणाच्या अंगणात उभे आहोत याचा विचार केला पाहिजे.

निघोज्याच्या परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनींवर कारखाने उभे राहिले, आणि कारखान्यांतून गाड्या बाहेर पडल्या. आज तेथून निघालेले कुटुंब सकाळी बोरघाट किंवा ताम्हिणी उतरून दुपारच्या आत खाडीकाठी पोहोचते. फेरीबोटीची वाट पाहत त्याला घटकाभर थांबावे लागले तर तो विलंब नव्हे. पलीकडच्या काठावर दिसणाऱ्या गावातील माणसे घरी जाण्यासाठी याच पाण्यावर कित्येक पिढ्या थांबली आहेत. पूल होतील, विलंब सरेल, आणि मग समुद्राकडे दार उघडण्यासाठी कोठेही उभे राहता येईल. त्या दिवशी पुलाचा पहिला लाभ पैलतीरावरच्या रुग्णाला, विद्यार्थ्याला आणि मासळीच्या पाटीला मिळावा, आणि हौशी प्रवाशाने त्यांच्या मागून जावे. या किनाऱ्याचा इतिहास पाहता तोच क्रम न्याय्य होय.