‘तारीफ-इ-हुसेनशाही’तली राणी

आम्हां आंबिवलीकरांना कल्याणचा इतिहास १६५७ पासून सांगायची सवय आहे. त्याआधी, १६३६ च्या तहाने, हा मुलूख आदिलशाहीकडे गेला होता आणि त्याही आधी तो अहमदनगरच्या निजामशाहीत होता. निजामशाही म्हटले की मलिक अंबर आठवतो, चांदबिबी आठवते. चांदबिबीची आई खुंझा हुमायून मात्र सहसा कुणाला ठाऊक नसते. तिला झाकण्याचा प्रयत्न तिच्याच शतकात झाला, आणि त्याचा पुरावा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या एका सचित्र फारसी पोथीत आहे.

‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे आफताबी नावाच्या कवीचे काव्य. हुसेन निजामशहाची थोरवी आणि जानेवारी १५६५ मधला तालिकोटचा विजय हा त्याचा विषय. पण राणीच्या रूपाचे वर्णन करतानाही कवीने हात आखडता घेतलेला नाही. हुसेन त्याच वर्षी वारला. मुलगा मूर्तझा लहान, म्हणून कारभार खुंझा हुमायूनने हाती घेतला. १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकले.

अशा पोथीत आधी हात चाले तो कातिबाचा. चितारी मागून येई. कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटायचा, दोरे ताणलेल्या पाटीवर दाबून ओळींच्या खुणा उठवायच्या, काजळी-डिंकाची शाई करायची. बोरूची जीभ तिरकी कापलेली. मोडी वाचणाऱ्याला यात परके काही वाटू नये. कलम, दौत, शाई हे आपले शब्दही तिकडचेच. नस्तालीक वळण इराणात चौदाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. त्यात अक्षराची लांबी कलमाच्या टिंबाने मोजतात, आणि शब्द उजवीकडून डावीकडे किंचित खाली उतरत येतो. चाळिशीनंतर ही लिपी गिरवायला घेतली तेव्हा माझे शब्द उतरत नसत, घसरत. कातिब दोन चरण दोन रकान्यांत बसवी आणि चित्रापुरती जागा कोरी सोडून पुढे जाई.

या पोथीतल्या १४ चित्रांपैकी १२ उरली आहेत. सुलतानाशेजारी राणी बसलेली होती, तिथे तिच्या आकृतीवर रंग चढवलेला आहे. झाकापाक करणाऱ्याच्या हातून ती सुटली ती एका चित्रात. तिथे तिच्या स्पर्शाने झाड फुलते. सुंदरीच्या स्पर्शाने वृक्ष बहरतो हा आपल्या संस्कृत काव्यातला दोहद. तो फारसी काव्याच्या पोथीत येऊन बसला, हे मला दख्खनचे खास वाटते.

रंग आकृतीवर चढला, तिच्या स्तुतीच्या ओळी मात्र राहिल्या. पान उलटणाऱ्या कुणालाही चित्र दिसते, ओळी वाचाव्या लागतात, हे एक कारण असेल. मला दुसरे अधिक पटते: चित्राची चौकट वेगळी, तिच्यात रंग भरला की भागते. घोटीव कागदावरची अक्षरे खरवडली तर कागद उसवतो, आणि दोन चरणांतला एक गेला की दुसरा लंगडा होतो. तेवढी मोडतोड करायला राजाच्या पोथीवर हात धजावला नसावा. जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेले हे काव्य मंडळाने १९८७ मध्ये छापले. चांदबिबीची आई त्यात वाचायला मिळते.