चित्र टांगायला भिंत हवी : मुंबईत नवोदित कलावंत लोकांसमोर कसे आले

१/
७ जुलै १९४९. मुंबईच्या रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात सहा तरुण कलावंतांचे प्रदर्शन सुरू झाले. उद्घाटक होते लेखक मुल्कराज आनंद. सहांपैकी एकाने सिनेमाचे फलक रंगवून या शहरात तग धरला होता. एकाने घरगडी म्हणून राबत आणि मोटारी धुऊन दिवस काढले होते. एकाला कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे ही नावे आज सर्वांना ठाऊक आहेत. त्या दिवशी मात्र त्यांची गरज साधी होती : कलाकृती मांडायला जागा आणि त्या पाहायला माणसे. अशी जागा नवोदितांना कशी मिळत गेली आणि प्रत्येक वेळी ती का अपुरी पडली, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
आरंभ थोडा मागून करू. आपल्याकडे चित्रकाराला आश्रय मिळे तो दरबारात, देवळात, मठात किंवा एखाद्या सरदाराच्या वाड्यात. काम ठरवून दिलेले असे आणि ते पाहणारेही ठरलेले असत. अनोळखी माणसांनी एका सभागृहात जमावे, भिंतीवरची चित्रे न्याहाळावीत, त्यांवर मत द्यावे आणि वाटल्यास विकत घ्यावीत, ही प्रथा इंग्रजी अमदानीत रुजली. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि शिकलेल्या चित्रकारांची पिढी तयार होऊ लागली. शिक्षण मिळाले, पण शिकून बाहेर पडल्यावर आपले काम दाखवायचे कोठे, हा प्रश्न उरलाच.

३/
प्रदर्शन एखाद्याचे आयुष्य कसे पालटू शकते, हे देशाला राजा रविवर्म्याने दाखवले. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्याच्या केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्याचा गौरव झाला. त्रावणकोरच्या राजपरिवाराभोवती वावरणारा एक तरुण देशभरातील संस्थानिकांच्या नजरेत आला. पुढे बडोद्यापर्यंतची मोठी कामे त्याच्याकडे चालत आली. पदक हे त्या काळातले ओळखपत्र होते. ज्या गावी चित्रकाराला कोणी पाहिलेले नसे, त्या गावीही त्याच्या पदकाची वार्ता पोहोचत असे.

४/
मुंबईत ही व्यवस्था स्थिरावली ती १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीमुळे. पद्धत अशी : कलावंताने कृती पाठवायची, निवड समितीने ती स्वीकारायची वा परत करायची, स्वीकारलेल्या कृती वार्षिक प्रदर्शनात मांडायच्या आणि उत्तम ठरलेल्यांना पदके द्यायची. सुरुवातीच्या काळात संस्थेची सूत्रे मुख्यतः युरोपीय मंडळींच्या हाती होती. त्यामुळे येथील विद्यार्थ्यापुढे दोन उंबरठे होते. पहिला, चित्र भिंतीवर जाण्याचा. दुसरा, भिंतीवर गेलेल्या शेकडो चित्रांत ते उठून दिसण्याचा.

५/
दुसरा उंबरठा ओलांडणारा पहिला भारतीय मराठी होता. मूळचे कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाले. पाचच वर्षांनी, १८९५ मध्ये, ‘लक्ष्मी, आलीस का?’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या त्यांच्या चित्राला सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. विषय घरगुती, माणसे आपल्या अवतीभवतीची आणि हाताळणी युरोपीय वास्तववादी शैलीची. परीक्षकांना समजणाऱ्या भाषेत त्यांनी आपल्या घरातील गोष्ट सांगितली. धुरंधर पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले आणि संचालकपदापर्यंत पोहोचले.

६/
पाठोपाठ १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे या विद्यार्थिदशेतील शिल्पकाराची ‘मंदिरपथगामिनी’ गाजली. हाती पूजासाहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतील ही तरुणी प्लॅस्टरमध्ये घडवलेली होती. तिच्या छायाचित्राने सभागृहाची भिंत ओलांडली. ते पाहून दूर बंगालात रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर लेख लिहिला. पुढे म्हात्र्यांकडे सार्वजनिक पुतळ्यांची कामे येत राहिली. येथे एक गोष्ट ध्यानात येते. प्रदर्शन काही दिवसांत संपते. त्याचे छायाचित्र, त्याची बातमी आणि त्यावरचा लेख मात्र नंतरही फिरत राहतो. नव्या कलावंताला अनेकदा याच मागाहून होणाऱ्या प्रवासाने तारले आहे.

७/
आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. जो निवडतो, त्याच्या रुचीप्रमाणे निवडले जाणाऱ्याचा हात वळू लागतो. कोणत्या चित्राला पदक मिळते, हे एकदा कळले की विद्यार्थी तशीच चित्रे काढू लागतात. शिवाय संधी वर्षातून एकदाच. ती हुकली तर पुन्हा वर्षभर थांबणे आले. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत स्थापन झाली आणि भारतीय कलावंतांना वार्षिक प्रदर्शनाचे दुसरे दार मिळाले. एक दार अरुंद वाटू लागले की शेजारी दुसरे काढायचे, ही या शहराची रीत तेव्हापासून दिसते.

८/
परीक्षक बदलले की निकाल कसा बदलतो, याचे ठळक उदाहरण अमृता शेरगिल. १९३५ मध्ये सिमल्याच्या प्रदर्शनाला त्यांनी दहा चित्रे पाठवली. त्यांतली पाच नाकारली गेली. स्वीकारलेल्या चित्रांपैकी एकाला बक्षीस जाहीर झाले, तेव्हा त्यांनी ते परत केले. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. कलावंत तीच, तिची वाटही तीच. केवळ निवड करणारी माणसे निराळी. नकार हा कृतीवरचा अंतिम निवाडा नसतो, हे सांगायला याहून चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

९/
चाळीसच्या दशकात मुंबईच्या कलाजगतात आणखी एक शक्ती आली. नाझी संकटामुळे युरोप सोडलेली काही माणसे या शहरात स्थिरावली होती. वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलादिग्दर्शक होते. रुडी फॉन लायडन याच पत्रात कलासमीक्षा लिहीत. उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंजर चित्रे विकत घेत. मार्गदर्शन, समीक्षा आणि खरेदी या तिन्ही गोष्टी तरुणांना एकाच वर्तुळात मिळू लागल्या. नुसती भिंत पुरत नाही. जाणता प्रेक्षक, लिहिणारा समीक्षक आणि पैसे मोजणारा ग्राहक नसेल, तर प्रदर्शन उठते आणि चित्रे गुंडाळून घरी न्यावी लागतात.

१०/
कृष्णाजी हौळाजी आरा यांची गोष्ट याच वर्तुळातली. सिकंदराबादजवळच्या बोलारममध्ये जन्मलेले आरा लहानपणीच घर सोडून मुंबईत आले. त्यांनी घरगडी म्हणून कामे केली आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. चित्रकला हा फावल्या वेळचा छंद होता. लायडन यांची नजर त्यांच्या चित्रांवर गेली आणि दिशा बदलली. काळा घोडा परिसरातील चेतना या उपाहारगृहातही आरांची चित्रे मांडली गेली. मोठ्या सभागृहाचे भाडे ज्याला परवडत नाही, त्याला उपाहारगृहाची भिंतही चालते. तेथे येणारा माणूस चित्रासाठी आलेला नसतो; पण चित्र त्याला दिसल्यावाचून राहत नाही.

११/
तसाच दुसरा आडमार्ग म्हणजे केकू गांधी यांचे ‘केमोल्ड’. १९४१ मध्ये सुरू झालेला हा व्यवसाय होता फ्रेमचा. चित्रकार फ्रेम करून घ्यायला येत आणि गांधी त्यांची चित्रे प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानाच्या दर्शनी काचेत लावत. आरा, हुसेन, हेब्बर यांच्यासारख्यांची कामे अशी रस्त्यावरच्या माणसाला दिसू लागली. ना परीक्षक, ना पदक, ना उद्घाटन. दुकानाची एक खिडकी, एवढेच भांडवल. पण तिच्यासमोरून जाणारी वर्दळ कोणत्याही सभागृहापेक्षा मोठी होती.

१२/
याच काळात प्रस्थापित प्रदर्शनानेही आपले काम बजावले. १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘सुनहरा संसार’ या चित्राला पारितोषिक मिळाले. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी हुसेनना आपल्या नव्या गटात ओढले. सूझा मूळचे गोव्याच्या साळगावचे. स्वातंत्र्य चळवळीतील सहभागामुळे १९४५ मध्ये त्यांना जे. जे. तून काढले गेले होते. वार्षिक प्रदर्शनाचा हा लाभ पदकांच्या यादीत नोंदला जात नाही : तेथे एका नवोदिताला दुसरा नवोदित भेटतो.

१३/
१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. आरांच्या एका मोठ्या चित्राला सोसायटीच्या प्रदर्शनात नकार मिळाला आणि त्यातून ठिणगी पडली, असे सांगितले जाते. गट करण्यामागे विचारांचे साम्य होते, तसा व्यवहारही होता. एकट्याला जड जाणारा खर्च सहा जणांत वाटला जातो. एक अनोळखी नाव दुर्लक्षिले जाते; सहा नावे मिळून बातमी होते. गटाच्या पुस्तिकेत आपली भूमिका आपल्याच शब्दांत मांडता येते, ती परीक्षकाच्या शेऱ्यावर अवलंबून राहत नाही. गंमत अशी, की १९४९ चे त्यांचे प्रदर्शन भरले ते त्याच सोसायटीच्या दालनात. बंड करणाऱ्यालाही भिंत कोणाची तरी लागतेच.

१४/
गट फार काळ एकत्र राहिला नाही. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला. बाकरेही इंग्लंडला गेले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कोकणात काढली. मागे उरलेल्यांत नवी माणसे मिसळली. वासुदेव गायतोंडे गटात आले. १९५३ मध्ये कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये या गटाबरोबर प्रदर्शनात सहभागी झाल्या. पुढे भानू अथैया या नावाने त्यांनी वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवले. गट मोडला, तरी त्याने मिळवून दिलेली ओळख प्रत्येकाबरोबर गेली.

१५/
दरम्यान मुंबईला हवी होती ती कायमची जागा मिळाली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. वास्तुरचना दुर्गा बाजपेयी यांची. २१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. येथे कलावंताने भाडे भरून ठरावीक दिवस दालन घ्यायचे आणि आपली चित्रे आपल्या जबाबदारीवर मांडायची. प्रेक्षकाला प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे कचेरीतून सुटलेला कारकून, कॉलेजचा विद्यार्थी आणि पावसात आडोसा शोधणारा वाटसरू हे सारेच चित्रांसमोर येऊन उभे राहू लागले.

१६/
मग हेही दार अरुंद झाले. मागणी वाढली, अर्जांची रांग लागली. दालन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबणे हा चित्रकारांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय बनला. पुन्हा शेजारी नवी दारे निघाली. १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड उघडली. त्याच वर्षी पंडोल आर्ट गॅलरीही सुरू झाली. खासगी गॅलरीत भाड्याचा भार नसतो. गॅलरी कलावंताची निवड करते, त्याला जोपासते आणि विक्रीतला वाटा घेते. जहांगीरबाहेरच्या पदपथावर तर ज्यांना आत जागा नाही, त्यांनी आपली चित्रे थेट रस्त्यालगत मांडायला सुरुवात केली. तीच आजची पेव्हमेंट गॅलरी.

१७/
या साऱ्या प्रवासात नवोदितापुढे मुख्यतः चार मार्ग दिसतात. स्पर्धात्मक वार्षिक प्रदर्शन : खर्च थोडा, पण निर्णय दुसऱ्याच्या हाती. समूहप्रदर्शन : खर्च आणि धैर्य दोन्ही वाटून घेता येतात. भाड्याच्या दालनातील एकल प्रदर्शन : स्वातंत्र्य पूर्ण, भारही पूर्ण. आणि चौथा मार्ग म्हणजे दुकानाची खिडकी, उपाहारगृहाची भिंत, पदपथ : मान कमी, माणसे अधिक. ज्यांची नावे टिकली, त्यांतले बहुतेक एकाच मार्गावर विसंबले नाहीत. रझा आणि आरा प्रस्थापितांवर टीका करणाऱ्या गटात होते, आणि सोसायटीची पदकेही दोघांनी मिळवली : रझांनी १९४८ मध्ये, आरांनी १९५२ मध्ये.

१८/
शेवट आरांपाशीच करणे योग्य. सूझा आणि रझा परदेशी गेले, हुसेन जगभर हिंडले. आरा मुंबईतच राहिले. काळा घोड्याजवळच्या आर्टिस्ट्स सेंटरचे काम त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याला कधी काळी भिंत नाकारली गेली होती, तो उत्तरायुष्यात इतरांच्या चित्रांसाठी भिंत राखत बसला. प्रदर्शनांच्या इतिहासात पदके मिळवणाऱ्यांची नोंद होते. खिळा ठोकून, दिवा लावून, दार उघडे ठेवणाऱ्यांची क्वचितच होते. पुढच्या वेळी काळा घोड्यावरून जाताना पाच मिनिटे काढा आणि ओळखीचे नाव नसलेल्या एखाद्या प्रदर्शनात डोकावून या. त्या दालनात कोणीतरी आपल्या पहिल्या प्रेक्षकाची वाट पाहत उभे असते.

(समाप्त)