निघोजेच्या पाण्यासाठी सीएसआरचा पैसा : मस्जिद ट्रस्टला का मिळत नाही, कोणाला मिळतो?

निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे. गावाच्या एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला चाकण एमआयडीसी. फोक्सवॅगन आणि महिंद्रा यांच्या मोटार कारखान्यांच्या पत्त्यातच या गावाचं नाव आहे. बाहेरगावाहून कामाला आलेली कुटुंबं इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि अनेकांच्या घरी प्यायचं पाणी वीस लिटरच्या जारमधून येतं. थोडं खाली आळंदीला याच नदीवर पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. धरण उशाला आणि कोरड घशाला, तसं इथे पैशाचंही आहे.

कारण पैसा आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. मागच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला तरी कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सुरक्षित पिण्याचं पाणी आहे, स्वच्छता आहे, माती-हवा-पाण्याची गुणवत्ता राखणंही आहे. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो.

लोक फक्त मोठ्या नावांच्या गेटवर जातात. सुटे भाग बनवणारी एखादी कंपनी घ्या. तिचा सरासरी नफा ५ कोटी असेल तर वर्षाला १० लाख निघतात. आणि जबाबदारी ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. आमच्या मते छोट्या गावासाठी हाच दरवाजा जास्त उघडा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. कारखान्याने स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं हा सीएसआर नाही. ती १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याची सक्ती आहे, आणि कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. फिल्टर बसवून दिला म्हणून नदीबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायची नाही, असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

अर्ज कुठे अडतो

आपल्याकडे पाण्याचं काम बहुतेक वेळा मस्जिदच्या जमातीतून सुरू होतं. कोणी आई-वडिलांच्या नावाने सदका-ए-जारिया म्हणून बोअर मारून देतो, कोणी कूलर बसवतो. मग पोरं मस्जिद ट्रस्टच्या लेटरहेडवर कंपनीला अर्ज देतात आणि उत्तर येत नाही. त्यामागे दर वेळी भेदभावच असतो असं नाही, बऱ्याचदा कागद आडवा येतो.

सीएसआरचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. ही अट १ एप्रिल २०२१ पासून आहे. खासगी पुढाकाराने उभी राहिलेली संस्था असेल तर तिच्याकडे प्राप्तिकर खात्याची १२ए आणि ८०जी ही दोन्ही प्रमाणपत्रं आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलतात, पण बोलताना सगळे जुनीच नावं घेतात.) ८०जी तर मुख्यतः धार्मिक उद्देशाच्या किंवा एकाच धर्मसमाजापुरत्या संस्थेला मिळत नाही. म्हणून मस्जिद किंवा दर्ग्याची वक्फ संस्था कितीही नेक असली तरी इथे बसत नाही.

मार्ग असा : धर्मादाय आयुक्तांकडे वेगळा सार्वजनिक ट्रस्ट नोंदवायचा. उद्देशात "निघोजे व परिसरातील सर्व रहिवासी" असं लिहायचं. विश्वस्तांत गावातले इतर समाजाचे लोक, महिला, एखादी निवृत्त शिक्षिका घ्यायची. हे केवळ दाखवायला नको, कारण नळाला जात-धर्म विचारून पाणी येत नाही. ट्रस्ट जुना असेल तर आधी चेंज रिपोर्ट तपासा. विश्वस्त बदलल्यावर तो ९० दिवसांत द्यायचा असतो, पण मयत झालेल्या चाचांचं नाव वर्षानुवर्षं रेकॉर्डवर तसंच राहतं आणि ऐन वेळी फाइल अडते.

तीन वर्षांच्या अटीसाठी आजपासून बिलं जपा. टाकी धुतली, पाणी तपासलं, नदीकाठ साफ केला, प्रत्येकाची तारीख, फोटो, पावती ठेवा. तोवर आधीच नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेबरोबर स्थानिक भागीदार म्हणून काम करता येतं.

अर्जात काय असावं

आधी पाण्याचा अहवाल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको. दोष फक्त जंतूंचा असेल तर महागड्या आरओची गरज नाही, क्लोरीनची नीट मात्रा पुरते. आरओत बरंच पाणी वाया जातं, तेही लिहा.

मग ग्रामपंचायतीचा ठराव. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात गावांच्या वाट्याचे ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते, तेव्हा पंचायतीने काय केलं हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. ग्रामसभेचे सदस्य मात्र गावच्या यादीतले मतदारच असतात. भाडेकरूंची नावं गावाकडच्या यादीत असतात, त्यामुळे त्यांची मोजणी संस्थेनेच करावी. खोल्या किती, माणसं किती, जारवर महिन्याला खर्च किती.

आपल्या लोकांचा पैसा

जकातीतून सार्वजनिक बोअर किंवा फिल्टर करता येत नाही, असं बहुतेक हनफी उलेमा सांगतात, कारण जकात गरजूच्या मालकीत द्यावी लागते. सदका आणि इमदादचे पैसे वापरता येतात. तरी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

आखातातल्या भावाने भारतीय पासपोर्टवर राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण नातेवाईक परदेशी नागरिक झाला असेल तर एफसीआरए लागतो, आणि त्याच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. भाऊ तोच असला तरी पासपोर्ट बदलला की नियम बदलतो.

शेवटचं, आणि कंपनीवाले हमखास विचारतात ते : दोन वर्षांनी फिल्टरची मेंब्रेन कोण बदलणार? सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता सीएसआर नोंदणी असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या किंवा सार्वजनिक यंत्रणेच्या नावावर असावी लागते. ती कोणाच्या नावावर, विजेचं बिल कोण भरणार, चावी कोणाकडे, हे तीन मुद्दे अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहा.